साडेसव्वीसचा पाय

माझ्या पायाची लांबी साडेसव्वीस सेंटिमीटर आहे आणि चवड्यापाशी रुंदी पावणेदहा. माणसाला स्वतःच्या पायाची रुंदी ठाऊक असायचं तसं काही कारण नाही. मला ती ठाऊक आहे, कारण बाविसाव्या वर्षी चार महिने मी पाय म्हणून नोकरी केली. हे वाक्य ऐकलं की घरातली मुलं हसतात. मग मी कारखाना सांगतो, मे महिना सांगतो, त्या उकाड्यात घातलेले लोकरीचे मोजे सांगतो, आणि सगळे पोट धरून हसत असतानाच गोष्ट संपवतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. हे प्रकरण याआधी दोनदा लिहायला घेतलं होतं आणि दोन्ही वेळा मोज्यांपाशी थांबून कागद फाडले. या वेळी पुढे जायचं ठरवलंय.

आम्ही तेव्हा परळची जागा सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो होतो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीतून तेव्हा मिठागरं दिसायची. आज तिथे काय दिसतं ते सांगत नाही, ज्यांना बघायचंय त्यांनी येऊन बघावं. दुपारी मिठाचे ढीग इतके पांढरे व्हायचे की आई गॅलरीचा पडदा ओढून घ्यायची. वारा मात्र सुटला की सुटला. वाळत घातलेले कपडे खारट व्हायचे, पापड मऊ पडायचे. सकाळी साडेसहाला पाण्याचा टँकर यायचा. त्याचा उलट्या गिअरचा तो ठराविक सूर ऐकला की अख्खी बिल्डिंग हंडे-बादल्या घेऊन जिना उतरायची आणि त्या पाच मिनिटांत मराठी, गुजराती, हिंदी अशी सगळी भांडणं उरकायची. आईला पहिलं वर्षभर काहीच आवडलं नाही. "रानात आणून टाकलंय मला," असं ती बाबांना रोज एकदा तरी सुनवायची. बाबा सरकारी कचेरीत होते आणि कचेरीतली सवय म्हणून अशा अर्जांना उत्तर देत नसत. आईचं मन इथे रमलं ते माशांमुळे. जवळच्या उत्तन कोळीवाड्यातल्या बायका पाट्या घेऊन फाटकापर्यंत यायच्या. परळला मिळायचे त्याहून ताजे बोंबील, मांदेली, कधी खेकडे. त्यातल्या एका बाईशी आईची भांडून भांडून मैत्री झाली. माझ्या डब्यात मग तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील असायचे आणि कारखान्यात डबा उघडला की शेठ केबिनमधून ओरडायचे, "विनायक, खिडकी खोल दे भाई!"

कारखाना म्हणजे भायंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले एकाला एक लागून असलेले दोन गाळे. बादल्या, मग, पावसाळी चपला असा माल निघायचा. गरम प्लास्टिकचा एक गोडसर वास कपड्यांत बसायचा तो धुतल्यावरही जायचा नाही. मशीन साचा मिटायचं, फुस्स करायचं, थोडं थांबायचं आणि ठक्क करून उघडायचं. दिवसभर फुस्स, ठक्क. मी बी.कॉम. होऊन बसलो होतो, इंग्रजी बरं लिहायचो, म्हणून शेठने ऑफिसात पत्रं लिहायला ठेवलं. शेठ गुजराती, मनाने मऊ आणि नव्या कामाच्या बाबतीत लहान मुलासारखे उतावळे.

एके दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि टेबलावर एक बूट ठेवला. बूट कसला, निळ्या प्लास्टिकचं चिलखतच. पोटरीच्या अर्ध्यापर्यंत उंच, कडक, वर लोखंडी पट्ट्यांचे चार खटके, आणि आत दुसरा मऊ बूट, वेगळा काढता येणारा. "बोलो, ये क्या है?" मशीनवरचा एकजण म्हणाला, हाड मोडल्यावर घालतात ते. दुसरा म्हणाला, रोबोटचा पाय. शेठ इतके खूश झाले की त्यांनी दोघांनाही चहा पाजला. मग खणातून एक रंगीत चित्र काढून दाखवलं. एक गोरा माणूस एका फळीवर आडवा उभा राहून बर्फाच्या डोंगरावरून खाली येत होता. "स्नोबोर्ड. ये उसका बूट है. उधर बनाने में महँगा पड़ता है, तो पार्टी इंडिया में बनवाने का सोच रही है. अपने को सैंपल बनाने का है. सैंपल पास, तो बादली-मग बंद."

"ह्या फळीवर काय, आमी पोरं असताना भरतीत उभं राहायचो," मागून एकजण म्हणाला. ते पास्कू अंकल.

पास्कू अंकल उत्तनचे. घराणं होड्या बांधणारं आणि स्वतः बोटीवर जाणारं. बोटीवर दोर ओढताना उजवा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही, आणि समुद्र सुटला. पण हातात लाकडाची अक्कल होती. शेठच्या एका ओळखीच्याने त्यांना कारखान्यात आणलं आणि साच्यासाठी लाकडी नमुने करायचं काम दिलं. आधी लाकडाचा नमुना, त्यावरून साचा, साच्यातून प्लास्टिक. म्हणजे कारखान्यातून जे काही बाहेर पडायचं ते आधी पास्कू अंकलच्या हातून सागवानात निघालेलं असायचं. पंचेचाळिशीचा, काळासावळा, बारीक चणीचा माणूस. दारूला शिवत नसत. त्यांच्या गल्लीत ही गोष्ट नावाजण्यासारखी होती आणि ते ती स्वतःच नावाजायचे. "पास्कू पीत न्हाय. इचार कुनालाबी." आपल्या कामाचा त्यांना तसाच साधा अभिमान होता. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले की लोकांना सांगायचे, पावसात तू पायात घातलंयस ना, ते मी केलंय.

पार्टीने बुटाबरोबर एक कागद पाठवला होता. बूट बनला की तो नुसता मोजून चालणार नाही, एका माणसाच्या पायावर तपासायचा. त्या माणसाचा पाय साडेसव्वीस सेंटिमीटर लांब हवा आणि चवड्याला दहाच्या आत हवा. तपासायची रीत पायरीपायरीने लिहिलेली होती आणि मला ती अजून पाठ आहे. आतला मऊ बूट काढून ठेवायचा. मोजा घालून पाय नुसत्या कवचात सरकवायचा, अंगठा समोर टेकेपर्यंत. गुडघा किंचित वाकवायचा. मग दुसऱ्याने टाचेमागे बोटं घालून बघायचं. दीड बोट जागा राहिली तर बरोबर, दोन राहिली तर मोठा, एकही नाही तर लहान. त्यानंतर आतला बूट घालून खटके लावायचे आणि वीस मिनिटं उभं राहायचं. सरळ उभं असताना अंगठा समोर जेमतेम लागला पाहिजे, गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. टाच उचलता कामा नये. कुठे चावतं का, कुठे सैल लागतं का, ते बोटं, चवडा, पायाची वरची बाजू, टाच, घोटा, नडगी असं ओळीने फॉर्मवर लिहायचं आणि खाली सही करायची.

शेठने पट्टी घेऊन सगळ्या कारखान्याचे पाय मोजले. घरून कुणी पाय धुऊन आलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी बरीच करमणूक झाली. साडेसव्वीस फक्त दोघांचे निघाले, माझा आणि पास्कू अंकलचा. पण पास्कू अंकलचा पाय मागे टाचेकडे माझ्याएवढा आणि पुढे वल्ह्यासारखा पसरलेला. चवड्याला साडेअकरा. बोटं एकमेकांपासून लांब लांब, मातीत रुतवून उभी केल्यासारखी. जन्मभर अनवाणी, ओल्या फळ्यांवर तोल धरून उभं राहिलेला पाय तो.

"ये तो बत्तख है," शेठ म्हणाले. सगळे हसले, पास्कू अंकलसुद्धा. "और विनायक, तेरा पाँव तो एकदम साहब लोग जैसा!" झालं. पाय माझा ठरला. आणि इंग्रजी मलाच येत असल्यामुळे फॉर्म भरायचा तोही मीच. पायही माझा, लिहिणारा हातही माझा. पुढचं सगळं त्यामुळेच इतकं सोपं झालं.

चार महिने कच्च्या साच्यातून कवचं निघत राहिली. प्रत्येक कवच दुपारी दोन आणि चारच्या मध्ये दोनदा पायात घालायचं, वीस-वीस मिनिटं. पार्टीने त्यासाठी जाड लोकरीचे मोजे पाठवले होते. पत्र्याच्या छपराखाली, मेच्या दुपारी, पायात लोकर आणि त्यावर प्लास्टिकचं चिलखत. घाम खटक्यांतून ठिबकायचा. मोजे आई धुवायची आणि नाक दाबून गॅलरीत वाळत घालायची. समोरच्या गॅलरीतल्या काकू रोज विचारायच्या, "कश्मीर कौन जा रहा है, भाभी?" आई सांगायची, "कोई नहीं जाता. मेरा लड़का भायंदर जाता है." आणि घरात येऊन मला म्हणायची, "एवढं शिकवलं ते पाय दाखवायला का रे?"

तिचं हे एक वाक्य मला फार लागायचं. तिला वाटायचं मी बँकेत लागावं, आणि मलाही तेच हवं होतं. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. भायंदर पश्चिमेला एक निवृत्त मास्तर दुपारी दोन ते चार मुलांकडून गणितं सोडवून घ्यायचे. दुसरी वेळ त्यांना नव्हती. शेठ रोज एकला जेवून बाजारात जायचे ते पाचशिवाय परतत नसत. तोवरची कवचं प्लास्टिक आणि खटके बघण्यापुरती होती; फॉर्म भरायचं पहिलं कवच आता निघणार होतं. मी आठवडाभर विचार केला आणि एक दिवस डबा खाताना पास्कू अंकलना विचारलं, दुपारचा बूट तुम्ही घालाल का?

"माझ्या पायाला शेठ बदक म्हनाला," ते म्हणाले.

"लांबी तर तीच आहे ना."

त्यांनी माझ्या डब्यातला एक बोंबील उचलला, आमच्या आईने तो कुरकुरीत केलाय की नाही ते तपासल्यासारखा चावला आणि म्हणाले, "परिक्षा कवा हाय?"

"जूनअखेर."

"जा मंग. शिक. पन शेठला कलता कामा न्हाय, तुझं काम जाईल." त्यांचं काम जाईल हे त्यांच्या किंवा माझ्या मनातही आलं नाही.

त्या दिवसापासून मी पावणेदोनला निघून रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला जायचो आणि साडेचारला परत यायचो. पास्कू अंकल खटके सोडून पाय हवेला धरून बसलेले असायचे. मी फॉर्म पुढे घेऊन विचारायचो, कसं होतं? ते डोळे मिटून, अगदी मन लावून आठवायचे. "अंगठा लागतो, वाकलं की सुटतो. बराबर हाय. टाच बसलीय. पन करंगळीच्या बाजूला चावतं. लय चावतं." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहायचो. एक अक्षर पदरचं घालायचो नाही. गंमत अशी, की त्यालाच मी प्रामाणिकपणा समजत होतो. न बघता 'ठीक' लिहिलं असतं तर ती फसवणूक. मी तर खऱ्या माणसाला खरं काय वाटलं तेच लिहीत होतो. फक्त त्या माणसाचं नाव खाली नव्हतं. सही माझी होती.

शेठने फॉर्म वाचले. "चवड़े में चाबता है? तो दोनों बाजू चार-चार मिलीमीटर छोड़ दो." पास्कू अंकलनी नमुन्याच्या दोन्ही बाजूंना सागाची पातळ पट्टी चिकटवली, कानशीने घासून गुळगुळीत केली, नवं कवच निघालं. पुन्हा चावलं. पुन्हा पट्टी. तिसऱ्या वेळेला पास्कू अंकलनी नमुना हातात धरून माझ्यासमोर फिरवला.

"बघ विनू. ह्यो आता माझा पाय हाय. तुझा न्हाय. बर्फात आता उत्तनवालेच जातील." हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, "मस्करी न्हाय करत. येकदा तुझ्या पायात घालून बघ. मंगच लिव."

मी म्हणालो, "बघतो."

परीक्षा दहा दिवसांवर आली होती. टक्केवारीची गणितं डोक्यात घोळत होती. मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुटाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, मी घड्याळ दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. त्या तिसऱ्या कवचात पास्कू अंकलचा पाय छान बसला. "आता मस्त हाय," ते म्हणाले, जरा नाखुशीनेच. मी लिहिलं: सर्व ठिकाणी योग्य. सही केली. त्यावरून बारा जोड निघाले, आणि मी परीक्षा देऊन आलो.

मला कधी कधी वाटतं, मी जे केलं आणि जे करायला हवं होतं त्यात वीस मिनिटांचंच अंतर आहे. वीस मिनिटं तो बूट पायात घातला असता तर कळलं असतं. पण हेही खरं नाही. बूट पायात न घालताही मला कळलेलं होतं. साडेअकरा हा आकडा मी स्वतः पट्टीवर वाचला होता.

पार्टीचा माणूस आला तो उंच, शांत, साठीकडे झुकलेला. त्याने चहा घेतला, पंख्याखाली खुर्ची घेतली आणि मला समोर बसवून स्वतः जमिनीवर गुडघे टेकून बसला. एवढा मोठा साहेब माझ्या पायाशी बसलेला बघून मशीनवरचे लोक कामं सोडून दारात आले. त्याने आतला बूट काढला, माझा पाय कवचात सरकवला, टाचेमागे बोटं घातली. दीड. मान हलवली. मग आतला बूट घालून खटके लावले, मला उभं केलं, गुडघे वाकवायला सांगितले, आणि एका हाताने घोट्याला धरून म्हणाला, आता चवडा डावी-उजवीकडे हलवा. माझा पाय आत फिरला. डब्यात चमचा फिरावा तसा फिरला, आणि त्याबरोबर टाच वर आली. त्याने दोन-तीन जोड बदलले. सगळे तसेच. तो उठला, पाठ सरळ केली, आणि इंग्रजीत म्हणाला, खूप रुंद आहे. या बुटात डोंगरावर वळता येणार नाही. माणूस एकीकडे वळेल, फळी दुसरीकडे जाईल.

मग त्याने फॉर्म मागवले. एकेक वाचून माझ्याकडे बघितलं. "हा पाय तुमचा?"

"येस सर."

"आणि पहिल्या कवचात तुम्हाला इथे चावत होतं?" त्याने माझ्या करंगळीच्या बाजूला अंगठ्याने दाबलं.

"येस सर."

पहिलं कवच कपाटात ठेवलेलं होतं. त्याने ते आणवलं, माझ्या पायात चढवलं, खटके लावले. पाय त्यात असा बसला की जणू माझ्याच पायावरून केलेलं असावं. नमुना करणाऱ्याने पहिल्याच फटक्यात अचूक काम केलं होतं. "आता चावतं?"

मी म्हणालो, "नो सर." दुसरं काय म्हणणार? चेहरा बघून त्याला ते दिसतच होतं.

तो गोंधळला. शेठचा चेहरा उतरला होता. माणसाला धक्का बसला की तो आधी जवळपासचं कारण शोधतो, शेठने शोधलं. नमुना हातात घेतला, बाजूच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "थोड़ा छोड़ने को बोला था, इतना नहीं. पास्कू ने अंदाज़ से पट्टी चढ़ाई होगी." आणि माझ्याकडे वळून, अगदी विश्वासाने विचारलं, "क्यों, विनायक?"

पास्कू अंकल दाराशी उभे होते. मला ते दिसत होते, कारण मी त्यांच्याकडे सोडून सगळीकडे बघत होतो. ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

मी म्हणालो, "हो सकता है, शेठ."

तीनच शब्द. कुणावर आळ घेतला असंही म्हणता येणार नाही. ते बोलून झाल्यावर मी खाली वाकून खटके सोडायला लागलो, आणि चौथा खटका नेमका अडकला, म्हणून बराच वेळ खाली वाकून राहता आलं. डोकं वर केलं तेव्हा दारात मशीनवरचे दोघेच होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, "उत्तन का है, दारू लगा के बैठा होगा."

बुटांचं काम गेलं. पार्टीचा माणूस सभ्यपणे हात मिळवून गेला. दुसऱ्या दिवशी शेठने पास्कू अंकलना केबिनमध्ये बोलावलं, ओरडले नाहीत, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. पास्कू अंकलनी आपली हत्यारं कापडात गुंडाळली, प्रत्येक पटाशी वेगळी. जाताना माझ्या टेबलासमोरून गेले. मी पत्र लिहीत होतो.

त्यानंतर तीन आठवडे मी आईचा डबा न खाताच परत आणत राहिलो. "बरं नाही का?" ती विचारायची. एक दिवस तिनेच सांगितलं. तिची ती मासेवाली मैत्रीण सांगत होती, त्यांच्याकडचा एक कारागीर पिऊन काम करायचा, भायंदरच्या कारखान्याचं मोठं काम त्याने घालवलं, शेठने हाकलला. "आणि मिरवायचा काय, तर म्हणे पीत नाही." आई बोंबील साफ करत होती, सहज बोलून गेली. मी रविवारी भायंदरहून बस धरली आणि उत्तनला गेलो.

बोंबील वाळवायचे बांबूंचे मांडव पावसाळ्यामुळे रिकामे उभे होते, आणि चर्चवरून आलेली माणसं चांगल्या कपड्यांत त्यांच्या मधून चालली होती. पास्कू अंकलचं घर विचारलं तर ज्याला विचारलं त्याने हाताने ग्लास तोंडाला लावल्याची खूण केली आणि हसत गल्ली दाखवली. ते ओट्यावर बसून कुणाच्यातरी खिडकीची चौकट दुरुस्त करत होते. मला बघून बायकोला हाक मारली, "फिलोमिना, पाव्हना आयलाय." त्या आतून माझ्यासाठी रस्सा आणि भाकरी घेऊन आल्या, समोर ठेवलं, आणि आत गेल्या. त्यांना सगळं माहीत होतं हे त्या ताट ठेवण्यावरूनच कळलं.

मी जेवलो. मग जे बसमध्ये पाठ केलं होतं ते सांगायला लागलो. की चूक माझी होती. की तुम्ही सांगितलं होतंत आणि मी ऐकलं नाही. की त्या दिवशी मी...

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "ह्ये मना कशाला सांगतंस?" आवाजात राग नव्हता, खरंच समजून घ्यायचं असावं तसं विचारलं. "मना म्हायत हाय. मी तवाच बोललो असतो, पन तुझं काम गेलं असतं, म्हनून थांबलो. वाटलं, तू बोलशील. तू शेठला सांग. शेठ चार मानसांत बोलंल, पास्कूनी मापात काम केलं होतं, पिऊन न्हाय. तेवढंच. काम परत नको मना."

"सांगतो," मी म्हणालो.

"उद्या?"

"उद्या."

ते मला बस थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत दोघांनी त्यांना टोमणे मारले, त्यांनी हात हलवून उत्तर दिलं. बस सुटेपर्यंत उभे होते. ते वारल्याचं मला फार वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हाही मी उत्तनला गेलो नाही.

सोमवारी शेठ गावी गेलेले होते. मंगळवारी त्यांच्याकडे माणसं बसली होती. त्यानंतरच्या वारांची कारणं आता आठवत नाहीत, पण प्रत्येक वाराला कारण होतं. असे दोन महिने गेले, आणि बँकेचं पत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं, समोरच्या गॅलरीतल्या काकूंना बोलावून साखर दिली. ज्या नोकरीवर मी पुढे घर चालवलं, मुलं शिकवली, आज पेन्शनीच्या गोष्टी करतो, ती त्या दोन ते चारच्या गणितांनी मिळाली. हे मी कधी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र खिशात घालून शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठ खुर्चीतून उठले, मला मिठी मारली. मशीनवरच्या माणसाला पेढे आणायला धाडलं. मग मला समोर बसवून इकडचं तिकडचं बोलले. टेबलावरची पट्टी उगीच सरकवत म्हणाले, "विनायक, एक बात मेरे दिमाग से जाती नहीं. वो पास्कू. लोग बोलते हैं पीता था. मैंने तो कभी देखा नहीं. इतना साफ़ हाथ था उसका. फिर ऐसा क्यों किया उसने? तेरे को कुछ मालूम है?"

गेली तीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नोकरी जाईल या भीतीने मी बोललो नाही. पार्टीचा माणूस आला त्या दिवशी ते खरं होतं. या दिवशी नव्हतं. ती नोकरी मी सोडूनच चाललो होतो, दुसरी खिशात होती, आणि शेठ स्वतः विचारत होते. गमावण्यासारखं माझ्याकडे एकच उरलं होतं: समोरच्या माणसाचं माझ्याबद्दलचं चांगलं मत.

"नहीं शेठ," मी म्हणालो. "मेरे को क्या मालूम."

शेठने मान हलवली. तेवढ्यात पेढे आले. शेठने पुडा सोडून पुढे केला. मी एक उचलला आणि तिथेच उभा राहून खाल्ला.